सात पंचवीसची नोंद

विचित्र अनुभवांच्या या ग्रुपवर मी दीड-दोन वर्षं नुसती वाचत आलेय. वाचायचं आणि मनात म्हणायचं — झोप झाली नसेल, बीपी वाढलं असेल, नाहीतर सरळ थापा. माझं कामच तसं आहे हो... कुठे काही विपरीत घडलं की माझे प्रश्न ठरलेले. शिडी कोणी धरली होती? मशीनचं गार्ड काढलं होतं का? पायात बूट होते की चपला? चौदा वर्षं हेच विचारतेय, आणि दरवेळी शेवटी कोणाची तरी घाई, आळस नाहीतर चूक सापडलेली आहे. भुताखेतांसाठी माझ्या फॉर्ममध्ये रकानाच नाही.

तरी लिहितेय, कारण एक नोंद अशी आहे जिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आणि ती माझ्याच अक्षरात आहे.

नावं सगळी बदललीत. मला संध्या परब म्हणा. वय सेहेचाळीस, राहायला घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीत. नवरा दिलीप, मुलगी नोकरीला पुण्यात. मी एका खाजगी एजन्सीत आहे. आम्ही बागांची देखभाल करतो — तिकडे अंधेरी ते बोरिवली, इकडे घाटकोपर ते मुलुंड, मिळून सोळा बागा. या बागांमधले माळी, सफाईच्या बायका आणि वॉचमन यांची सेफ्टी आणि ट्रेनिंग माझ्याकडे. लोक विचारतात, बागेत कसली आलीय सेफ्टी? गवत कापायच्या मशीनच्या पात्याखाली खडा आला ना, की तो गोळीसारखा उडतो. मी एजन्सीत हजेरीचं मस्टर लिहायला लागले त्या पहिल्याच वर्षी अंधेरीच्या बागेत एका माळ्याचा डोळा गेला तो असाच. चष्मा चौकीतल्या खिळ्याला टांगलेला होता. त्या दिवसानंतर मी शनिवार-रविवार करून सेफ्टीचा डिप्लोमा केला. चार्ट हाताने रंगवले. ट्रेनिंग हा प्रकारच एजन्सीत नव्हता, तो मी सुरू केला. हे सांगतेय कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

मागच्या वर्षी ऋजुता आली.

एकोणतीस वर्षांची, मुलुंडची मुलगी, एन्व्हायर्नमेंटची डिग्री, स्कूटरवरून फिरायची. कामतसरांनी — म्हणजे आमच्या साहेबांनी — एका मीटिंगमध्ये सहज सांगितलं, "परब मॅडम, तुमच्यावर लोड खूप झालाय. सेफ्टी तुम्ही बघा, ट्रेनिंग ऋजुता बघेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

मी काय करायचे? चार्ट लावायचे, समजावून सांगायचे, सह्या घ्यायचे. माणसं यायची, ऐकायची, जायची. हिने काय केलं तर माणसांनाच शिकवायला उभं केलं. मुलुंडच्या बागेत आमचे गणपतमामा आहेत, मालवणकडचे, साठीला आलेले, पण झाडावर अजून असे चढतात की बघत राहावं. ऋजुताने पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात दोर दिला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही दाखवा ना गाठी." मामांनी अकरा प्रकारच्या गाठी मारून दाखवल्या. वडिलांची होडी होती म्हणे, लहानपणापासून येतात. नऊ वर्षं मी त्या माणसाला चार्टवरून तीन गाठी शिकवत होते. नऊ वर्षं तो मान डोलवत होता.

त्या दिवशी घरी येऊन मी दिलीपला म्हटलं, "मामांनी मला कधी सांगितलं नाही."

तो म्हणाला, "तू विचारलंस का?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सहा महिन्यांत ती सगळ्यांची ऋजुताताई झाली. मी चौदा वर्षांनीही मॅडमच. सफाईच्या बायका तिला आपल्या डब्यातली भाकरी द्यायच्या, ती मांडी घालून त्यांच्यात बसायची आणि जवळ्याची चटणी मागून घ्यायची. मी आले की त्याच बायका डबे झाकायच्या आणि उठून उभ्या राहायच्या. मान देत होत्या, कळतंय मला. पण ते झाकण लावल्याचा आवाज मला घरी आल्यावरही ऐकू यायचा.

सरळच लिहिते — मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही. मी तिच्या ट्रेनिंगचे हजेरीचे कागद घरी आणून चुका शोधायचे. ऑफिसच्या ग्रुपवर तिने फोटो टाकला की कोणी कोणी अंगठा दिला ते बघायचे. ती एकदा तापाने चार दिवस आली नाही तर मला छान झोप लागली. असं माणूस स्वतःबद्दल कबूल करत नाही, पण खोटं लिहायचं तर मग लिहायचंच कशाला?

एप्रिलमध्ये कामतसरांनी सांगितलं की दोन्ही कामांवर मिळून एक हेड नेमायचा आहे. त्याआधी मुलुंडच्या बागेत एक मोठं प्रात्यक्षिक होणार. छाटणीच्या वेळी झाडावर कोणी अडकला, चक्कर आली, तर त्याला दोराने खाली कसं उतरवायचं, ते. कंत्राट देणारे अधिकारी बघायला येणार. प्रात्यक्षिक बसवायचं ऋजुताने आणि झाड तपासून सही करायची मी. शुक्रवारी सकाळी साडेदहा.

बुधवारी दुपारी मी झाड बघायला गेले. मुलुंड पूर्वेची बाग आहे, जुनी, मधोमध मोठा रेन ट्री. ऋजुताने त्याची पूर्वेकडची आडवी फांदी निवडली होती. दिसायला झकास, माणसाच्या कमरेएवढी जाड. शिडीवर चढून मी लाकडी हातोडीने ठोकत गेले. बुंध्याजवळ आवाज बदलला. जिथे ठक यायला हवं तिथे ढब येत होतं. वरच्या बाजूला, खालून दिसणार नाही अशा ठिकाणी, कानासारखी बुरशी उगवलेली. आतून पोकळ होती ती फांदी. एका माणसाचं वजन कदाचित पेललं असतं, पण प्रात्यक्षिकात दोन माणसं लटकणार होती.

अशा वेळी काय करायचं ते झोपेतही सांगेन मी. तिथल्या तिथे लाल-पांढरी टेप बांधायची, रजिस्टरमध्ये लिहायचं, सगळ्यांना सांगायचं. टेप माझ्या पिशवीत होती. मी शिडीवरून खाली उतरले आणि पिशवीत हात घातला.

तेवढ्यात ऋजुता स्कूटर लावून आली. हसत म्हणाली, "मॅडम, झाड मी आणि मामांनी बघितलंय, एकदम ओके आहे. तुम्ही उन्हात कशाला थांबता? नुसती टिक करून टाका ना."

तिच्या मनात काही नसावं. पण नुसती टिक... माझं चौदा वर्षांचं काम म्हणजे नुसती टिक?

मी पिशवीची चेन लावली. म्हटलं, "फॉर्म शुक्रवारी भरते. थोडं चेक करायचं राहिलंय."

कोणी पडावं, मरावं असं माझ्या मनात आलं नाही, हे शपथेवर सांगते. माझा प्लॅन वेगळा होता. शुक्रवारी सगळे जमल्यावर, अधिकारी खुर्च्यांवर बसल्यावर, मी पुढे होणार होते आणि शांतपणे विचारणार होते, "कामतसर, हे झाड कोणी पास केलं?" मग हातोडी घेऊन सगळ्यांना तो ढब आवाज ऐकवणार होते. हे वाक्य मी दोन दिवस घोळवलं. अंघोळ करताना, भाजी चिरताना... ऋजुताचा चेहरा कसा होईल तेसुद्धा मी बघून ठेवला होता.

शुक्रवार उजाडला. आता वेळा नीट लक्षात ठेवा, कारण सगळं त्यांच्यावरच आहे.

सव्वासातला आमचा सिलिंडर संपला. दिलीप ओट्याखाली वाकून दुसरा लावत होता आणि मी फोनचा टॉर्च धरून उभी होते. रेग्युलेटर बसत नव्हता, त्यात दहा-बारा मिनिटं गेली आणि आमचं थोडं वाजलंही. मग चहा ठेवला. सात चाळीसला आमच्या घाटकोपरच्या बागेतून सुपरवायझरचा फोन आला की एका माळ्याच्या घोट्याला मशीनचं पातं लागलंय, रक्त थांबत नाही. ती बाग घरापासून चालत पाच मिनिटांवर. खुंटीवरचं पिवळं जॅकेट अंगात चढवून मी धावले. आठ-सव्वाआठला आम्ही त्याला घेऊन हॉस्पिटलमध्ये होतो. टाके पडले, हाड वाचलं.

तिथल्या बाकावर मी जवळजवळ तासभर बसून होते. हातात फोन होता. मुलुंडला फोन करून "त्या फांदीवर कोणाला चढवू नका" एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी केला नाही. मनात म्हटलं, माझ्या सहीशिवाय सुरू होणारच नाही. साडेदहाला अजून वेळ आहे. माझं ते वाक्य फोनवर फुकट घालवायचं नव्हतं मला.

नऊ पस्तीसला ऑफिसच्या ग्रुपवर ऋजुताचा फोटो आला. एका पत्र्याच्या पेटीत सगळ्यांचे मोबाइल, आणि खाली लिहिलेलं — अधिकारी लवकर आलेत, आपण सुरू करतोय, फोन पेटीत, डोळे झाडावर.

ट्रेनिंगच्या वेळी सगळ्यांचे फोन पेटीत ठेवायचे, हा तिचा नियम. त्यावरही मी मागे नाक मुरडलं होतं.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला. कामतसरांना लावला, वॉचमन तिवारीला लावला, गणपतमामांना लावला. माझ्या डोळ्यांसमोर ती पेटी आणि तिच्यात वाजणारे चार फोन. मेसेज टाकला — फांदी पोकळ आहे, कोणाला चढवू नका. दोन टिका आल्या. निळ्या होईनात.

माळ्याला सुपरवायझरवर सोडून मी रिक्षा पकडली. एलबीएस रोडवर खोदकाम चालू होतं, भांडुपला रिक्षा अडकली ती हलेचना. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, एक आदमी मर जाएगा." त्याने आरशातून बघितलं आणि आतल्या गल्ल्यांमधून गाडी काढली. मी सारखी मामांचाच विचार करत होते. त्यांची बायको गावाला असते, मुलगा गोव्याला...

मुलुंडला पोचले तेव्हा दहा पंचवीस झाले होते. गेटातून आत धावले आणि समोर बघितलं तर ती फांदी जमिनीवर.

अख्खी खाली आली होती. हिरवळीवर आडवी, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपासून थोड्याच अंतरावर. भोवती गर्दी. सगळे गप्प, खाली बघत उभे. मी तिथेच पायवाटेवर बसले. गर्दीच्या मधोमध काय असणार ते मला दिसत होतं, न बघताच.

कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. वर बघितलं तर गणपतमामा. हातात चहाचा ग्लास.

"उठा मॅडम," ते म्हणाले. "तुमी सकाळी सांगल्यात म्हणून वाचलंय. नायतर मी थंयच असतंय." आणि त्यांनी फांदीकडे बोट केलं.

मला वाटलं मेसेज पोचला. "वाचलात ना मेसेज?" मी विचारलं.

"कसलो मेसेज?" मामा म्हणाले. "तुमी सवताच इल्लात ना."

एवढ्यात ऋजुता धावत आली आणि तिने मला मिठीच मारली. "मॅडम, दहाला पडली. वारा नाही, काही नाही. आम्ही सगळे त्या चिंचेखाली होतो, तुम्ही सांगितलं होतंत तसं. फांदी टेपसकट खाली आली." मग हळू आवाजात म्हणाली, "मी वाचलं रजिस्टरमध्ये. बुधवारचं पण वाचलं. मला राग आला होता, खरं सांगते. पण असं लिहायला हिंमत लागते. माझ्याने झालं नसतं."

मी म्हटलं, "मला रजिस्टर बघू दे."

चौकीतल्या टेबलावर रजिस्टर उघडंच होतं. ओळी अजून पाठ आहेत, तशाच देते.

"शुक्रवार, सकाळी ७.२५. रेन ट्री, पूर्वेकडची मोठी फांदी, बुंध्याजवळ पोकळ. चढू नये, खाली कोणाला बसवू नये. टेप लावली. प्रात्यक्षिक चिंचेवर घ्यावं, चिंच तपासली आहे. ही फांदी मी बुधवारी पाहिली होती. मुद्दाम सांगितली नाही. — सं. परब."

अक्षर माझं. पोकळमधला 'ळ' मी उलटा सुरू करते, शाळेपासूनची खोड आहे, तो तसाच. सहीखालची रेघसुद्धा माझीच. आणि 'मुद्दाम'... हा शब्द मी कोणाजवळ उच्चारला नव्हता. दिलीपजवळही नाही. स्वतःच्या मनातसुद्धा मी त्याला 'योग्य वेळी सांगू' असं म्हणत होते.

मागून शालन आली, सफाईचं काम करणारी. तिने पाण्याची बाटली पुढे केली. "परबताई, पाणी घ्या," म्हणाली.

मी बाटली घेतली आणि विचारलं, "शालन, सकाळी मी काय काय केलं?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असणार, पण तिने सांगितलं. मी आले, हातोडीने झाड वाजवलं, टेप बांधली, चौकीत जाऊन लिहिलं. मग या बायका न्याहारीला बसल्या होत्या तिथे येऊन मांडी घालून बसले. तिच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली. तिच्या मुलीच्या दहावीचं विचारलं. "आणि म्हणालात, की ऋजुताताईला कोणी बोलू नका, तिची चूक नाही, झाड बघायचं काम माझं होतं." शालन जराशी हसली. "तुम्ही कधी बसत नाही ना, म्हणून आम्हाला बरं वाटलं."

शालनची मुलगी दहावीला आहे, हे मला माहीत नव्हतं.

मग कामतसरांनी मला आणि ऋजुताला चौकीत बोलावलं. अधिकारी बाहेर चहा घेत होते. सरांनी दार लोटलं आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"परब मॅडम, आज तुमच्यामुळे लोक वाचले, ते मी मानतो. पण शेवटची ओळ काय आहे ही? दोन दिवस तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी बोट ठेवलं. "हे अक्षर तुमचं आहे ना?"

इथे मला थोडं थांबून सांगू दे. मी 'नाही' म्हणू शकत होते. आणि ते खोटं नसतं. मी ते लिहिलं नव्हतं. सात पंचवीसला मी घाटकोपरला ओट्याशी टॉर्च धरून उभी होते, दिलीप साक्षीला होता, हॉस्पिटलच्या केसपेपरवर सोबत आलेली म्हणून माझं नाव होतं. मी म्हटलं असतं की कोणीतरी माझ्या नावाने खोटी नोंद केलीय, तर सरांना चौकशी करावी लागली असती. संशय ऋजुतावर जाणं किती सोपं होतं बघा. झाड तिनेच निवडलेलं, रजिस्टर तिच्या ताब्यात, हेडची जागा तिलाही हवी असलेली. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात नीट मांडून तयार झालं. वाक्यसुद्धा तयार होतं.

ऋजुता माझ्याकडे बघत होती. तिच्या नाकाच्या शेंड्यावर झाडाचा भुसा लागला होता.

मी म्हटलं, "हो सर. माझंच आहे."

मला मेमो मिळाला. हेडची जागा ऋजुताला गेली. एका अर्थी बरोबरच झालं.

आता तुम्ही जे विचारणार ते सगळं मी करून बघितलंय. बागेच्या गेटवर कॅमेरा आहे. तिवारीला सांगून मी दुसऱ्या दिवशी शुक्रवार सकाळचं फुटेज बघितलं. सात पाचला पिवळं जॅकेट घातलेली, खांद्याला पिशवी असलेली बाई आत जाते. तिवारी उठून सलाम करतो, ती थांबून त्याच्याशी काहीतरी बोलते आणि पुढे जाते. चेहरा दिसत नाही, हेल्मेट आहे. बाहेर पडताना ती कुठेच नाही. तिवारी म्हणतो, तो पंप चालू करायला गेला होता, पण कॅमेरा तर कुठे गेला नव्हता. ते फुटेज माझ्या फोनमध्ये आहे. इथे टाकणार नाही, बाग ओळखू येईल आणि माणसंही.

दिलीपला मात्र दाखवलं. आधी म्हणाला, "कोणीतरी तुझी चेष्टा केलीय." मग त्याने ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. शेवटी म्हणाला, "तूच आहेस ही. पण तू हल्ली अशी चालत नाहीस."

"अशी म्हणजे कशी?"

"लग्न झालं तेव्हा चालायचीस तशी," तो म्हणाला, आणि फोन परत देऊन गॅलरीत जाऊन उभा राहिला.

टेपचंही बघितलं. तुटलेल्या फांदीवरची टेप आमच्याच स्टोअरची होती. पण माझ्या पिशवीतला रोल तसाच, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. स्टोअरवाला म्हणतो रोल सगळे जागच्या जागी आहेत.

झोपेत चालत गेले म्हणावं तर घाटकोपर-मुलुंड कोणी झोपेत जात नाही, आणि मी जागी होते. कोणी सोंग घेतलं म्हणावं तर मामा मला नऊ वर्षं ओळखतात, चार हात अंतरावर उभं राहून बोललेत. आणि बुधवारी शिडीवर मी एकटी होते. पोकळी दुसऱ्या कोणाला माहीत असेल असं धरून चालू. पण 'मुद्दाम' कोणाला माहीत होतं?

ऋजुताला मी सांगितलं, महिनाभराने. आम्ही बोरिवलीच्या बागेत काम संपवून बाकावर बसलो होतो. सगळं सांगितलं. हॉस्पिटलमध्ये फोन हातात असून केला नाही, तेही. ती म्हणाली, "मग कोण होतं?"

"माहीत नाही गं."

"हे मला सांगायला नको होतं, मॅडम," ती म्हणाली. "ते रजिस्टरमधलं वाचून मी तुम्हाला माफ केलं होतं. आता मी कोणाला माफ केलं ते मलाच कळत नाही." ती उठली आणि स्कूटरकडे गेली. तेव्हापासून आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. वाईट नाही, पण कामापुरतं.

गंमत अशी की तिचा हेवा आता वाटत नाही. ती हेड आहे, चांगलं काम करते, मी तिला रिपोर्ट पाठवते. आत काही टोचत नाही. मला वाटलं होतं ही कीड गेली एकदाची.

पण गेली नाही. मागच्या आठवड्यात मुलुंडला गेले होते. हल्ली त्या बायका मला बसायला जागा करून देतात, आणि मी बसते, पण मला काय बोलावं ते पटकन सुचत नाही. अवघडून जाते. शालनच्या मुलीला चांगले मार्क मिळालेत, तिने पेढा दिला. देताना सहज म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही किती मोकळ्या बोललात आमच्याशी. तसं परत नाही बोललात कधी."

मी पेढा तोंडात टाकला आणि हसले. आणि माझ्या छातीत तेच आलं जे ऋजुताला बघून यायचं, तसंच, अगदी त्याच जागी. त्या बाईने सात पाचला आत येऊन माझं काम केलं, माझी चूक कबूल केली, माझ्या माणसांमध्ये बसली. कोणी सांगितलं नव्हतं तिला. ती कोण होती, आली कशी, गेली कुठून, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मिळेल असंही वाटत नाही. कोणाला असं काही आलं असेल तर जरूर लिहा. पण ती मी होते असं मात्र कोणी सांगू नका. मी त्या वेळी घरी होते, आणि 'हे झाड कोणी पास केलं?' हे वाक्य घोळवत होते.